उजाडले, हे जेलीफिशला कोण सांगते?

प्रकाशाचे प्रकरण शिकवताना मी एकदा वर्गात चुकीचे उत्तर दिले होते. अकरावीच्या वर्गातील एका मुलीने विचारले, "सर, ज्या प्राण्याला डोळेच नाहीत त्याला उजेड-अंधार कळतो का?" मी पडलो भौतिकशास्त्राचा माणूस. भिंग, प्रतिमा आणि दृष्टिपटल यांच्यापलीकडे प्रकाशाचा आणि प्राण्यांचा काही संबंध असतो हे माझ्या डोक्यातच नव्हते. "डोळे नाहीत तर कसला कळतोय!" असे म्हणून मी पुढचे गणित फळ्यावर घेतले. तास संपल्यावर ही गोष्ट मी आमच्या प्राणिशास्त्राच्या बाईंना हसत हसत सांगितली. त्या हसल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी एका जेलीफिशवरचे दोन शोधनिबंध माझ्या टेबलावर आणून ठेवले. त्या मुलीला मी नंतर जे उत्तर दिले, तेच आज तुम्हाला जरा सविस्तर सांगणार आहे.

समुद्रकिनाऱ्यावर वाळूत पडलेला जेलीफिशचा लिबलिबीत गोळा तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल. त्याला 'फिश' म्हणत असले तरी तो मासा नव्हे. त्याला हाडे नाहीत, हृदय नाही, रक्त नाही आणि मेंदूही नाही. निडारिया नावाच्या संघातील हा प्राणी. तुमच्या शिक्षकांच्या जुन्या पुस्तकांत याच संघाला सीलेंटरेटा म्हटलेले आढळेल. आपल्या गोष्टीतील जेलीफिश मात्र हातभर लांबीची नाही. तिचे नाव क्लायटिया हेमिस्फेरिका. पूर्ण वाढल्यावरही तिची छत्री एक-दोन सेंटिमीटरचीच असते आणि काचेसारखी पारदर्शक असते. छत्रीच्या मध्यापासून काठापर्यंत चार बारीक नलिका जातात आणि प्रत्येक नलिकेवर एक याप्रमाणे चार जननग्रंथी असतात. मादीमध्ये त्यांत अंडपेशी तयार होतात, नरामध्ये शुक्रपेशी. छत्रीच्या काठाने चेतापेशींची कडी आहेत, पण डोळे नाहीत. काही जेलीफिशना काठावर साधे डोळ्यांचे ठिपके तरी असतात, हिला तेही नाहीत.

आता प्रयोगशाळेत काय दिसते ते पाहा. क्लायटियाचे नर आणि मादी समुद्राच्या पाण्याच्या टाकीत ठेवलेले आहेत. रात्रभर अंधार आहे. सकाळी दिवा लागतो. वरवर पाहता काहीच घडत नाही. परंतु सुमारे दोन तासांनी माद्या आपापली अंडी पाण्यात सोडतात, आणि नरांच्या शुक्रपेशीही सकाळच्या त्याच सुमारास बाहेर पडतात. खायला नीट मिळत असेल तर दुसऱ्या दिवशी हेच, तिसऱ्या दिवशीही हेच. दिवा लावायला उशीर केला की अंडीही उशिरा येतात!

ही वेळ पाळणे म्हणजे नुसती शिस्त नाही, तो वंश टिकण्याचा प्रश्न आहे. या प्राण्यांत अंडे आणि शुक्रपेशी यांची गाठ बाहेर, उघड्या पाण्यात पडते. समजा, शुक्रपेशींचा ढग सुरुवातीला १ सेंटिमीटर त्रिज्येचा आहे. लाटांनी तो पसरत पसरत १ मीटर त्रिज्येचा झाला. त्रिज्या शंभरपट झाली, म्हणजे घनफळ शंभराच्या घनाएवढ्या पटीने, दहा लाख पटींनी वाढले. जिथे आधी दहा लाख शुक्रपेशी होत्या तेवढ्या जागेत आता सरासरी एकच उरली. समुद्रात उशीर म्हणजे काय, ते या हिशोबावरून कळते. नराने सकाळी आणि मादीने संध्याकाळी असे केले तर दोघांचीही मेहनत पाण्यात, अगदी शब्दशः.

मग ज्यांना मेंदू नाही, डोळे नाहीत, एकमेकांना हाक मारण्याची सोय नाही, त्यांना एकच मुहूर्त कोण काढून देते?

पहिला धागा असा, की अख्ख्या जेलीफिशची गरजच नाही. मादीची जननग्रंथी अलगद कापून काढली, समुद्राच्या पाण्याच्या थेंबात अंधारात ठेवली आणि मग तिच्यावर प्रकाश टाकला, तरी त्या सुट्या ग्रंथीतून ठरल्या वेळी अंडी बाहेर पडतात. म्हणजे उजेड ओळखणारे जे काही आहे ते ग्रंथीतच आहे. दुसरा धागा त्याहून मजेदार. उजेड पाहिलेल्या ग्रंथी ज्या थेंबात होत्या ते पाणी घ्यायचे आणि त्यात सुट्या, अपक्व अंडपेशी टाकायच्या. त्या पक्व होऊ लागतात! ग्रंथीने पाण्यात काहीतरी सोडले आहे. जेलीफिशच्या बीजग्रंथीत प्रकाशामुळे असा पदार्थ तयार होतो हे जपानमधील इकेगामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ साली दुसऱ्या एका जेलीफिशमध्ये दाखवले होते. पदार्थ आहे हे कळले. तो कोणता, हे कळायला आणखी चाळीस वर्षे जायची होती.

शरीराच्या एका भागातील पेशींनी सोडलेला आणि दुसऱ्या पेशींना 'आता कामाला लागा' असे सांगणारा पदार्थ म्हणजे संप्रेरक. इंग्रजीत हॉर्मोन. हा शब्द स्टार्लिंग या इंग्रज शास्त्रज्ञाने १९०५ साली रूढ केला. त्याआधी तीन वर्षे त्याने आणि बेलिसने सीक्रेटिन शोधले होते, आणि ते सीक्रेटिन हे एक पेप्टाइड आहे. पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची छोटी माळ. प्रथिनेही अशाच माळा, फक्त खूप लांब. आपल्या इन्सुलिनमध्ये एकूण ५१ मणी आहेत.

जेलीफिशचा पदार्थ शोधण्याचे काम जपानी आणि फ्रेंच शास्त्रज्ञांनी मिळून केले. नोरियो ताकेदा, र्‍युसाकू देगुची, एव्हलिन ह्युलिस्टन आणि त्यांचे सहकारी यांचा निबंध २०१८ साली प्रसिद्ध झाला. फ्रान्सच्या भूमध्य समुद्रकिनाऱ्यावर, नीस शहराजवळ व्हिलफ्रान्श-स्यूर-मेर येथे एक जुने सागरी संशोधन केंद्र आहे. क्लायटियाचे घर तेथे. येथे जरा थांबून एक तुलना करावीशी वाटते. १९६९ साली गियेमँ आणि शॅली यांनी आपापल्या प्रयोगशाळांत मेंदूतील टीआरएच नावाचे संप्रेरक उलगडले. त्यात अवघे तीन मणी आहेत, पण ते मिळवण्यासाठी खाटिकखान्यांतून लाखो मेंढ्यांच्या आणि डुकरांच्या मेंदूचे तुकडे गोळा करावे लागले. (त्यांना १९७७ साली नोबेल पारितोषिक मिळाले, ते श्रम पाहता उशिराच मिळाले असे मला वाटते.) नखाएवढ्या जेलीफिशच्या बाबतीत हा मार्ग शक्यच नव्हता. म्हणून २०१८ च्या मंडळींनी उलट्या बाजूने सुरुवात केली. जननग्रंथीतील कोणती जनुके कामावर आहेत, म्हणजे तेथे कोणत्या प्रथिनांच्या आज्ञा लिहिल्या जात आहेत, ते त्यांनी वाचून काढले. पेप्टाइड संप्रेरके बहुधा एका लांब माळेच्या रूपात तयार होतात. तिच्यात तोच किंवा त्याच्याशी मिळताजुळता तुकडा अनेकदा गुंफलेला असतो आणि पेशी ठरावीक जागी कात्री लावून ते तुकडे सुटे करते. असे कापण्याच्या खुणा असलेल्या माळा त्यांनी शोधल्या, त्यांतून कोणते तुकडे निघतील याचा अंदाज बांधला, आणि ते तुकडे प्रयोगशाळेत रासायनिक रीतीने बनवून अंडपेशींवर टाकून पाहिले.

एक तुकडा नेमका लागू पडला. त्यात मणी फक्त चार: ट्रिप्टोफॅन, प्रोलीन, आर्जिनिन आणि पुन्हा प्रोलीन. शेवटच्या मण्याला अमाइडचे टोपण लावलेले. गंमत म्हणजे वर सांगितलेल्या टीआरएचचाही शेवट असाच, अमाइड लावलेल्या प्रोलीनने होतो.

किती पेप्टाइड पुरते? संहती नॅनोमोलर पातळीवर असली तरी चालते. हा आकडा वाचून सोडून देऊ नका, हिशोब करा. या पेप्टाइडचा एक मोल म्हणजे सुमारे ५५३ ग्रॅम. १० नॅनोमोलर संहती धरली तर एक लिटर पाण्यात साडेपाच मायक्रोग्रॅम. मग एक ग्रॅम किती पाण्याला पुरेल? सुमारे १ लाख ८० हजार लिटर. उन्हाळ्यात गावात दहा हजार लिटरचा पाण्याचा टँकर येतो ना? असे अठरा टँकर, आणि त्यांत चिमूटभर पूड.

आता तुमच्यातील एखादा चौकस वाचक म्हणेल, "कृत्रिम पेप्टाइडने अंडपेशी पक्व झाली, ठीक आहे. पण जेलीफिश स्वतः हेच वापरते कशावरून? सुरीने कुलूप उघडले म्हणून सुरी ही किल्ली ठरत नाही." अगदी रास्त शंका. तीच शंका संशोधकांनाही होती, आणि तिचे निरसन त्यांनी ज्या रीतीने केले तो मला या निबंधातील सर्वांत सुंदर भाग वाटतो. त्यांनी फक्त या पेप्टाइडला पकडणारे प्रतिपिंड तयार केले. उजेड पाहिलेल्या ग्रंथींचे ते प्रभावी पाणी घेतले, आणि प्रतिपिंडाकडून त्यातील हे पेप्टाइड तेवढे काढून घेतले. बाकी सगळे पाण्यात जसेच्या तसे. त्या पाण्याचा प्रभाव गेला! एखादी गोष्ट घातल्याने काम होते हे एक, आणि ती काढल्याने काम थांबते हे दुसरे. दोन्ही दाखवली तरच आरोप सिद्ध. शिक्षकांना विनंती, की प्रयोगाच्या तासाला हा मुद्दा जरूर सांगावा.

आणखी एक गोष्ट त्यांना दिसली. हेच पेप्टाइड नरांतही असते, आणि ते पाण्यात मिसळले की नर शुक्रपेशी सोडतात, माद्या अंडी सोडतात. दोघांसाठी एकच परवलीचा शब्द.

पण उजेड कोणी ओळखला? त्या मुलीचा प्रश्न तोच होता. याचे उत्तर २०१८ सालच्याच दुसऱ्या निबंधात आहे. त्याचे पहिले लेखक गोन्झालो किरोगा आर्तिगास. सुट्या ग्रंथींवर वेगवेगळ्या तरंगलांबीचा प्रकाश टाकून त्यांनी पाहिले. निळा आणि निळा-हिरवट प्रकाश कामाचा ठरला. भौतिकशास्त्राच्या माणसाला हे वाचून बरे वाटते, कारण पाणी तांबडा प्रकाश पहिल्या काही मीटरांतच शोषून घेते आणि स्वच्छ समुद्रात खोलवर पोहोचतो तो निळाच. मग प्रकाश शोषणाऱ्या प्रथिनांचा शोध घेतला. आपल्या दृष्टिपटलातील प्रकाशग्राही प्रथिने ज्या कुळातील आहेत त्या कुळाला ऑप्सिन म्हणतात. क्लायटियामध्ये ऑप्सिनचे अनेक प्रकार आहेत. त्यांपैकी ऑप्सिन-९ हा ग्रंथीच्या बाह्यस्तरातील ज्या पेशींत सापडला, त्या पेशी कोणत्या असतील? चार मण्यांचे पेप्टाइड बनवणाऱ्याच!

म्हणजे एकाच पेशीत तिन्ही कामे. प्रकाश टिपते म्हणून ती डोळ्यासारखी, रचनेने चेतापेशीच्या जातीची, आणि संप्रेरक सोडते म्हणून ग्रंथीसारखी. आपल्या शरीरात या तीन कामांना तीन वेगळी खाती आहेत आणि त्यांच्यात कागद फिरावे लागतात.

येथेही पुरावा घालून-काढूनच घेतला. क्रिस्पर नावाचे जनुक कापण्याचे तंत्र तुम्ही ऐकले असेल. २०२० सालचे रसायनशास्त्राचे नोबेल त्यालाच मिळाले. ते वापरून ऑप्सिन-९ चे जनुक निकामी केलेल्या जेलीफिश तयार केल्या. त्या वाढल्या, पोहल्या, जेवल्या. पण सकाळ झाली तरी त्यांच्या अंडपेशी पक्व होईनात. जननग्रंथी न सोडलेल्या अंडपेशींनी फुगून गेल्या. मग त्यांच्या पाण्यात कृत्रिम पेप्टाइड घातले आणि अंडी सुटली! घरातला दिवा लागत नसला तर आपण बटण बाजूला ठेवून सरळ जोडणी करून पाहतो. दिवा लागला तर दोष बटणात. तसेच हे. पुढे २०२० साली अंडपेशीच्या पृष्ठभागावरचा, हे पेप्टाइड ओळखणारा ग्राहीही सापडला, आणि त्याचे जनुक निकामी केल्यावर अंडी पुन्हा अडकली. या ग्राहीचे नातलग आपल्या शरीरातही आहेत. भूक वाढवणाऱ्या न्यूरोपेप्टाइड-वाय या पदार्थाचे ग्राही त्याच गोतावळ्यातले.

एवढे वाचून झाल्यावर माझ्या मनात भौतिकशास्त्राचा एक प्रश्न आला. या प्राण्याला रक्त नाही. मग संप्रेरक अंडपेशीपर्यंत जाते कसे? उत्तर साधे: विसरणाने, रेणूंच्या अंदाधुंद धडपडीतून आपोआप पसरून. पण विसरणाचा एक नियम फार जाचक आहे. अंतर दुप्पट केले तर लागणारा वेळ दुप्पट नव्हे, चौपट होतो. या आकाराच्या पेप्टाइडला पाण्यात मिलिमीटरचा विसावा भाग, म्हणजे ५० मायक्रोमीटर, ओलांडायला साधारण अडीच सेकंद लागतात. अंडपेशी आणि बाह्यस्तर एकमेकांना लागूनच असल्यामुळे अंतराचा मामला याच मापाचा आहे. आता समजा, पेप्टाइड छत्रीच्या मध्यापाशी सोडले असते आणि त्याला एक सेंटिमीटर जायचे असते. अंतर दोनशे पट, म्हणून वेळ चाळीस हजार पट. अडीच गुणिले चाळीस हजार म्हणजे एक लाख सेकंद. सुमारे अठ्ठावीस तास! सकाळचा निरोप दुसऱ्या दिवशी दुपारी पोहोचला असता.

म्हणूनच मोठ्या प्राण्यांना रक्ताची वाहतूक लागते. आपल्याकडे बीजनिर्मितीची आज्ञा मेंदूतून निघते. तेथील चेतापेशी दहा मण्यांचे एक पेप्टाइड सोडतात, ते पीयूषिका ग्रंथीला जागे करते, तिची संप्रेरके रक्तातून बीजग्रंथीकडे जातात. ताऱ्यामाशातही मधला एक टप्पा आहे: त्याच्या चेतातंतूंतील पेप्टाइड अंडपेशीभोवतीच्या पेशींना सांगते, आणि त्या पेशी १-मिथिलॲडेनीन नावाचा वेगळाच पदार्थ अंडपेशीला देतात (कानातानी, १९६९). क्लायटियामध्ये मध्यस्थ कोणी नाही. चेतापेशीच्या जातीची पेशी थेट अंडपेशीला सांगते. या संशोधकांचा तर्क असा, की प्राण्यांच्या दूरच्या पूर्वजांत अशाच सर्व कामे करणाऱ्या पेशी असाव्यात आणि पुढे त्या कामांची वाटणी होत गेली. तर्क म्हणूनच तो घ्यावा, पण मला तो पटतो.

मग चार ग्रंथी, आणि टाकीतले सगळे नर-मादी, एकाच वेळी कसे जागे होतात? कारण दूरचा निरोप पेप्टाइड नेतच नाही. तो प्रकाश नेतो. प्रत्येक ग्रंथीला सूर्य स्वतंत्रपणे सांगतो, आणि सगळ्यांना एकाच क्षणी. पेप्टाइडकडे उरते ते शेवटचे, केसाच्या जाडीएवढे अंतर. माझ्या विद्यार्थिनीला हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, "मग सर, तिला उजेड कळतो असे म्हणायचे, की नुसता तिच्या ग्रंथीला कळतो?" यावर मी या वेळी घाईने उत्तर दिले नाही.

विसरणाचा तो चौपटीचा नियम तुम्हाला घरी पाहता येईल. बाजारात चायना ग्रास मिळते. आईच्या किंवा ताईच्या मदतीने ते पाण्यात उकळून, साखर न घालता, एका बशीत सेंटिमीटरभर जाडीचा थर गोठवा. बशीखाली आलेखकागद ठेवा. मध्यभागी लहानसे भोक पाडून त्यात टार्ट्राझीन असलेल्या खाण्याच्या पिवळ्या रंगाचे दाट द्रावण एक थेंब घाला. टार्ट्राझीनच्या मिठाचा एक मोल ५३४ ग्रॅमचा, म्हणजे हा रेणू वजनाने आपल्या पेप्टाइडच्या जवळपासच आहे. साध्या पाण्यात हा प्रयोग फसतो, कारण पाण्यात प्रवाह निर्माण होऊन रंग वाहत जातो. गोठलेल्या थरात ती अडचण नाही. भोकाच्या कडेपासून रंग किती मिलिमीटर सरकला ते एका तासाने, चार तासांनी आणि सोळा तासांनी मोजा. अंतराचा वर्ग उभ्या अक्षावर आणि वेळ आडव्या अक्षावर घेऊन आलेख काढा. बिंदू साधारण एका सरळ रेषेत येतात का पहा. बशी मात्र दुसऱ्या बशीने झाकून ठेवा, नाहीतर थर कडेने वाळून आक्रसतो आणि सकाळी मोजायला काही उरत नाही.